पुरावा कुणी द्यायचा? रोमा लोक, जुन्या फायली आणि उशिरा आलेली माफी

मोराव्हियाकर | शनिवार, रात्री ११.१०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, जरा मोठा झालाय, सांभाळून घ्या.

मी चेकमध्ये ब्रनोला राहतो, सहा वर्षं झाली. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक रोमा बाई राहतात (रोमा म्हणजे लोक ज्यांना जिप्सी म्हणतात ते), साठीच्या पुढच्या. सगळे त्यांना बीबी म्हणतात, बीबी म्हणजे त्यांच्या भाषेत आत्या-मावशी, म्हणून मीपण बीबीच म्हणतो. माझ्याकडे प्रिंटर-स्कॅनर आहे हे त्यांना माहीत आहे. गेल्या महिन्यात त्या प्लास्टिकची पिशवी घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या एवढे कागद स्कॅन करून दे. मी करता करता वाचत गेलो आणि वाचता वाचता हात थांबला.

१९८० च्या दशकात, म्हणजे अजून चेकोस्लोव्हाकिया असताना, दुसऱ्या बाळंतपणाला सिझेरियन झालं तेव्हा त्यांची नसबंदी केली गेली. कळा येत असताना एका कागदावर सही घेतली, त्यांना वाटलं ऑपरेशनची आहे. बावीस वर्षांची होते म्हणाल्या. पुढे दोन-तीन वर्षं मूल का राहत नाही म्हणून विचारायला गेल्या तेव्हा कळलं.

हे एकट्या बीबींचं नाही. तिथल्या सरकारचं तेव्हा धोरणच होतं की रोमा बायकांना कमी मुलं व्हावीत, १९७२ च्या एका आदेशानंतर सोशल वर्कर घरी येऊन पैशाचं आमिष दाखवायच्या, कुठे मुलं काढून नेऊ अशी धमकी. १९९१ ला धोरण कागदावर संपलं पण दवाखान्यांमध्ये प्रकार चालूच राहिले, अगदी २००० नंतरही. २००५ मध्ये इथले ओम्बुड्समन (आपल्या लोकपालासारखं पद) ओताकार मोतेयल यांनी चौकशी करून अहवाल दिला, २००९ ला सरकारने खेद व्यक्त केला, आणि भरपाईचा कायदा आला २०२१ मध्ये. इथल्याच ऑस्ट्रावा शहरातल्या एलेना गोरोलोवांसारख्या बायका, ज्यांच्यावर स्वतःवर हे झालं होतं, त्या पंधरा-सोळा वर्षं मागे लागल्या तेव्हा आला. १ जुलै १९६६ ते ३१ मार्च २०१२ या काळात ज्यांची बेकायदा नसबंदी झाली त्यांना ३ लाख कोरुना, आपले साधारण दहा-बारा लाख रुपये.

वाचून वाटतं चला, उशिरा का होईना झालं. पण बीबींचा अर्ज फेटाळला गेला. का, तर दवाखान्याचं म्हणणं, इतकी जुनी केस फाईल आता आमच्याकडे नाही, मुदत संपली, नष्ट केली. आणि फाईल नाही म्हणजे पुरावा नाही. असे अर्ज फेटाळले गेलेल्या बायका खूप आहेत.

मला जे मांडायचंय ते एवढंच आहे. या लोकांची नावं, बोटांचे ठसे, डोक्यांची मापं, वंशावळी, सगळं सरकारांनी शंभर वर्षं कागदावर लिहून ठेवलं. त्यांना पकडायचं होतं तेव्हा कागद एका दिवसात सापडायचा. आणि आता तेच लोक न्याय मागायला आले की म्हणतात, कागद आणा.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागेच लागलो. बायकोला घेऊन लेटीला जाऊन आलो. लेटी हे दक्षिण बोहेमियातलं पीसेकजवळचं गाव. १९४२-४३ मध्ये, हा मुलूख नाझी जर्मनीच्या ताब्यात असताना, तिथे रोमांची छावणी होती, सुमारे १३०० माणसं आत टाकली, तीनशेच्या वर तिथेच मेली, त्यात लहान मुलं खूप, टायफसने. पाचशेच्या वर नाझींच्या ऑशविट्झ मृत्युछावणीत पाठवली. पहारेकरी जर्मन नव्हते, चेक शिपाई होते, आणि हीच गोष्ट इथल्या लोकांना पुढे पन्नास वर्षं गिळता आली नाही. १९७० च्या दशकात त्या जागेवर डुकरांचा मोठा फार्म बांधला. हजारो डुकरं. ज्यांची आई, भावंडं तिथे पुरलीयत ते लोक फुलं घेऊन यायचे आणि वास यायचा डुकरांचा. १९९५ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष व्हाक्लाव हावेल यांनी जवळ स्मारकाचा दगड बसवला, फार्म मात्र तसाच. शेवटी सरकारने तो ४५ कोटी कोरुनांना विकत घेतला, २०२२ ला पाडला, २०२४ च्या वसंतात नवीन स्मारक उघडलं. च्येन्येक रुझिच्का नावाचे गृहस्थ, त्यांची आई लेटीतून वाचली होती, त्यांनी यासाठी वीस वर्षांच्या वर भांडण केलं. फार्म पडला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते गेले, स्मारक त्यांना बघायला मिळालं नाही.

आज तिथे गवत आहे, पायवाट आहे आणि नावं आहेत. बायको नावं वाचत बराच वेळ उभी होती, मी गाडीत येऊन बसलो, मला सहन होईना.

तुमच्यापैकी कुणाला या विषयात माहिती असेल, विशेषतः कायद्याची, तर लिहा. बीबींना परत अर्ज करता येतो का हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

भाषावेडा | शनिवार, रात्री ११.५५

मोराव्हियाकर, लेख वाचून सुन्न झालो. माझा प्रांत भाषा, म्हणून त्या बाजूने थोडं.

रोमानी ही आपल्याच घरातली भाषा आहे हे इथे सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. पाण्याला पानी, कानाला कान, नाकाला नाक, माणसाला मनुश, मिठाला लोन (आपलं लोणचं आठवा), दुधाला थुद, दाताला दांद. काकाला काको! आकडे येक, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव, आणि मग एकदम एफ्ता, ओख्तो, एन्या, हे सात-आठ-नऊ ग्रीक आहेत, आणि परत दहाला देश. म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघून इराण, मग ग्रीक मुलूख असा प्रवास कसा झाला ते नुसत्या आकड्यांत दिसतं. १७८२ मध्ये रुडिगर नावाच्या जर्मन पंडिताने पहिल्यांदा नीट दाखवून दिलं की ही भाषा भारतातली आहे.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. एफा युस्टिन नावाची एक जर्मन बाई होती, नाझी काळात डॉ. रॉबर्ट रिटरच्या वंशशुद्धीवाल्या संस्थेत काम करायची. तिला रोमानी यायची. वस्तीत जाऊन लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायची, तुझी आजी कोण, मामा कुठे असतो, लोक विश्वासाने सांगायचे आणि ती वंशावळ लिहून घ्यायची. दक्षिण जर्मनीत मुल्फिंगेनच्या अनाथाश्रमात आईबापांपासून तोडलेली सिंती मुलं होती (सिंती म्हणजे जर्मनीतली जुनी रोमा शाखा), त्यांच्यावर तिने पीएचडी केली. तिचा अभ्यास होईपर्यंत मुलं तिथे ठेवली आणि १९४४ च्या मे महिन्यात ३९ मुलं ऑशविट्झला. चारच जगली.

युद्धानंतर ही बाई आणि रिटर दोघंही फ्रँकफुर्टच्या महापालिकेत नोकरीला होते. दोघांवरच्या चौकशा बंद झाल्या, शिक्षा कुणालाच नाही.

आम्ही भाषेवर प्रेम करणारे लोक असं समजतो की भाषा शिकली की माणूस जवळ येतो. हे वाचल्यापासून मी ते वाक्य वापरायचं बंद केलंय.

प्रश्नचिन्ह | रविवार, सकाळी ८.२०

धागा चांगला आहे, माहितीबद्दल आभार. पण मनात आलं ते प्रामाणिकपणे विचारतो, राग मानू नका.

एक म्हणजे जे झालं ते वाईटच, पण ते करणारे मेले, सोसणारेही बरेचसे मेले. आजचा चेक किंवा जर्मन करदाता, ज्याचा जन्मही नव्हता, त्याने किती पिढ्या पैसे भरायचे? याला अंत कुठे?

दुसरं, आम्ही २०१८ ला युरोप टूरवर गेलो होतो, रोमच्या मेट्रोत बायकोची पर्स गेली, पासपोर्टसकट. चार दिवस वकिलातीच्या चकरा. तिथे ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, जिप्सी असणार. आता हा अनुभव आलेल्या माणसाला सहानुभूती वाटायला वेळ लागतो हो. मी खोटं बोलणार नाही.

मोराव्हियाकर | रविवार, सकाळी १०.०५

प्रश्नचिन्ह, राग नाही, उलट बरं झालं विचारलंत. इथे माझ्या ऑफिसातही हेच विचारतात.

पैशांचं बघा. भरपाई दिलीच गेली नाही असं नाहीये, दिली गेली, कुणाला ते बघा. आजच्या रुमेनियाचे जे जुने दोन भाग, वालाखिया आणि मोल्दाविया, तिथे रोमा लोक पाच शतकं गुलाम होते. अक्षरशः गुलाम, राजाचे, मठांचे आणि सरदारांचे, विकले जायचे, लग्नात आंदण दिले जायचे. पहिला लेखी उल्लेख १३८५ चा, म्हणजे बघा, तिथेही पहिला कागद दानपत्राचाच, इतकी गुलाम कुटुंबं अमुक मठाला दिली म्हणून. शेवटची गुलामी संपली मोल्दावियात १८५५ ला आणि वालाखियात २० फेब्रुवारी १८५६ ला. तेव्हा सरकारने भरपाई दिली ती मालकांना, दर माणसामागे. सुटलेल्या माणसाला जमीन नाही, घर नाही, काही नाही. आणि शंभर वर्षं उलटायच्या आत १९४२ मध्ये रुमेनियाचा हुकूमशहा अंतोनेस्कू याच्या सरकारने सुमारे २५ हजार रोमा पूर्वेकडच्या, तेव्हा त्यांच्या ताब्यातल्या ट्रान्सनिस्ट्रिया भागात नेऊन टाकले, त्यातले ११ हजारांच्या आसपास भुकेने-थंडीने मेले.

तर किती पिढ्या भरायचं हा प्रश्न, आधी कधी भरलंच नाही तिथे कसा लागू होतो ते मला कळत नाही.

आणि सोसणारे मेले म्हणता, ते का मेले तोवर? पश्चिम जर्मनीचं सांगतो. १९४० च्या मे महिन्यात हॅम्बर्ग, कोलोन आणि स्टुटगार्टजवळून अडीच हजारांच्या आसपास सिंती-रोमा पोलंडला हाकलले. युद्धानंतर त्यांनी भरपाई मागितली, केस सर्वोच्च फेडरल कोर्टात गेली आणि जानेवारी १९५६ मध्ये कोर्ट म्हणालं की १९४३ च्या आधीचा छळ वंशामुळे नव्हताच, या लोकांचे गुणच तसे, चोरी-लबाडीकडे कल, म्हणून ती पोलिसी खबरदारी होती. लक्षात घ्या, हिटलर जाऊन अकरा वर्षं झाली होती. १९६३ मध्ये त्यांनी निकाल थोडा सुधारला, पण तोवर कितीतरी म्हातारे रिकाम्या हाताने गेले. जर्मन सरकारने हा वंशसंहार होता हे मान्य केलं १९८२ मध्ये, हेल्मुट श्मिट चॅन्सलर असताना. त्या कोर्टाच्या अध्यक्षांनी आपल्या निकालाची लाज वाटते हे बोलून दाखवलं ते जवळजवळ साठ वर्षांनी. ऑशविट्झच्या जिप्सी छावणीत सुमारे २३ हजार माणसं आणली होती, २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री उरलेल्या चार हजारांच्या वर लोकांना एकाच रात्रीत गॅसमध्ये घातलं. तो दिवस युरोपियन पार्लमेंटने स्मृतिदिन मानला २०१५ ला. एकाहत्तर वर्षं.

वहिनींच्या पर्सचं वाईट वाटतं, मनापासून. पण घेताना कुणी बघितलं होतं का?

स्कोनेतली_सई | रविवार, दुपारी १.४०

वाचतेय पहिल्यापासून. मी दक्षिण स्वीडनमध्ये, स्कोने भागात असते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. इथली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही कारण ती अगदी तुमच्या कागदाच्या मुद्द्यावरच आहे.

स्वीडन म्हटलं की आपल्याला वाटतं सगळं आदर्श. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये इथल्या एका मोठ्या पेपरने बातमी फोडली की स्कोनेच्या पोलिसांकडे एक यादी आहे, नाव काय तर 'भटके', त्यात चार हजारांच्या वर नावं, झाडासारख्या वंशावळी काढलेल्या, कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची सून. त्यात मेलेली माणसं होती. हजाराच्या वर लहान मुलं होती, काही तर दोन-तीन वर्षांची. दोन वर्षांच्या मुलाने काय गुन्हा केला असेल हो? ते फक्त रोमा घरात जन्मलं होतं.

आणि हे पहिल्यांदा नाही. इथे १९१४ ते १९५४ रोमांना देशात यायलाच बंदी होती, म्हणजे नाझींपासून पळून येणाऱ्यालासुद्धा दार बंद. १९४३ च्या सुमारास सरकारने त्यांची वेगळी गणनाच केली. नसबंदीचा कायदा होता तो १९७५ पर्यंत. हे सगळं सरकारने स्वतःच २०१४ मध्ये श्वेतपत्रिका काढून कबूल केलं, ते मला आवडलं, लपवलं नाही.

पण यादीचं पुढे काय झालं ते ऐका. सरकारने आधी प्रत्येकाला ५ हजार क्रोनर देऊ केले. अकरा जण म्हणाले आम्हाला पैसे नकोत, आमचं नाव का होतं ते कोर्टात सांगा. २०१६ ला स्टॉकहोमच्या कोर्टाने सांगितलं की यांची नावं वंशामुळेच घातलेली आहेत, आणि प्रत्येकी ३० हजार द्या. सरकार अपिलात गेलं, २०१७ ला तिथेही हरलं, आणि मग यादीतल्या बाकीच्या सगळ्यांनाही तेवढेच द्यायचं ठरलं.

माझ्या मुलाच्या पाळणाघरात एक रोमा मदतनीस होती, खूप गोड, मुलगा तिच्याशिवाय जेवायचा नाही. ओळख झाल्यावर कितीतरी महिन्यांनी तिने मला सांगितलं की ती रोमा आहे, आणि लगेच म्हणाली, इथे कुणाला बोलू नकोस. मी विचारलं का गं, आता तर सगळं चांगलंय ना. ती म्हणाली, माझं नाव होतं त्यात. एवढंच. परत तो विषय कधी निघाला नाही.

सोलापुरी_मास्तर | रविवार, रात्री ९.१५

सईताई, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प बसलो होतो, आता लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या, मोबाईलवरून टाईप करतोय.

मी सोलापूरचा. आमच्याकडे सेटलमेंट म्हणतात तो भाग आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली इंग्रजांनी पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींना तारेच्या कुंपणात आणून ठेवलं होतं, रोज हजेरी, बाहेर जायला पास. जन्मलेलं पोर जन्मतःच गुन्हेगार म्हणून रजिस्टरात. देश सत्तेचाळीसला सुटला, हे लोक सुटले ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. पाच वर्षं सोळा दिवस उशिरा. आणि लगेच सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, म्हणजे जमातीचं नाव काढलं, नजर तशीच ठेवली.

रोमांचं आणि यांचं रक्ताचं नातं आहे का ते मला माहीत नाही, तो भाषावाल्यांचा विषय. पण वागवायची पद्धत बघा, एकाच शाळेत शिकल्यासारखी. गावात चोरी झाली की गाडी पहिली पारध्याच्या पालावर. प्रश्नचिन्ह साहेब, तुमच्या पर्ससारखंच, कुणी बघितलं नसतं, पण नाव आधीच ठरलेलं असतं.

आता कागदाचं. माझ्या वर्गात एक पारधी मुलगी होती, गणितात इतकी हुशार की मी फळ्यावर लिहायच्या आत उत्तर सांगायची. बारावीनंतर नर्सिंगला जायचं म्हणाली. पारधी आमच्याकडे अनुसूचित जमातीत येतात, दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, आजोबा-पणजोबा इथलेच, याच जमातीचे. आता पालावर राहणाऱ्या माणसाकडे १९५० आधीचा शाळेचा दाखला कुठून यायचा, शाळेत घेतलं होतं का कुणी? सातबारा कुठला? मी तिच्या बापाबरोबर एका कार्यालयात सात वेळा गेलो, सात वेळा. तिथल्या एका माणसाने शेवटी सांगितलं की पोलिसांच्या जुन्या रजिस्टरात नाव असलं तर बघा.

बाप माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या बापाला ज्या रजिस्टरपायी आयुष्यभर हजेरी द्यावी लागली ते रजिस्टर शोधायला आता त्यानेच जायचं. तो गेला नाही. म्हणाला, गुरुजी, तिथं मी माझ्या पायानं नाय जाणार.

पोरगी आता पुण्यात एका घरी कामाला आहे. मला अजून वाटतं मी त्याला समजवायला पाहिजे होतं, आणि परत वाटतं, कोणत्या तोंडाने समजावणार होतो.

वकीलबाई | सोमवार, सकाळी ७.३०

मास्तर, तुम्ही सात वेळा गेलात. बहुतेक लोक एकदाही जात नाहीत. मनाला लावून घेऊ नका.

कायद्याच्या बाजूने थोडं लिहिते. या विषयाला संक्रमणकालीन न्याय म्हणतात. जुलमी राजवट जाते, नवी येते, मग सत्य शोधन आयोग, खटले, भरपाई, आणि परत होणार नाही याची हमी, दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. पण रोमांच्या बाबतीत माझ्या मते अडचण मुळातच आहे. संक्रमण कुठे झालं? सत्ता बदलली, टेबल तेच राहिलं. भाषावेडा यांनी रिटर आणि युस्टिनचं लिहिलंच आहे. त्याच्या पुढचं म्हणजे म्युनिकच्या पोलिसांकडे नाझी काळातल्या जिप्सी विभागाच्या फायली होत्या, त्या युद्धानंतरही वापरात राहिल्या, विभागाचं नाव फक्त बदलून 'रस्त्यावरच्या भटक्यांसाठी' केलं. म्युनिक ज्यात येतं त्या बव्हेरिया राज्याचा भटक्यांवरचा खास कायदा रद्द झाला १९७० ला. १९८० च्या गुड फ्रायडेला डाखाऊच्या जुन्या नाझी छावणीत सिंती कार्यकर्ते रोमानी रोझे यांच्यासकट बारा जण उपोषणाला बसले, तेव्हाची त्यांची एक मागणी ऐका, आमच्या फायली कुठे आहेत ते सांगा. आणि रिटरच्या संस्थेचे कागद फिरत फिरत ट्युबिंगेन विद्यापीठात पोचले होते, अभ्यासाला म्हणून, १९८१ च्या सप्टेंबरमध्ये सिंती लोकांनी जाऊन तिथे ठाण मांडलं तेव्हा ते राष्ट्रीय अभिलेखागारात हलवले गेले. ज्यांची मापं घेतली होती त्यातले काही जण स्वतः तिथे होते.

म्हणून मला वाटतं की भरपाईच्या रकमेपेक्षा मोठा प्रश्न हाच आहे, सिद्ध कुणी करायचं. आणि इथे कायद्याने एक चांगलं पाऊल टाकलंय. ऑस्ट्रावाच्या अठरा रोमा मुलांची केस, युरोपियन मानवाधिकार न्यायालय, १३ नोव्हेंबर २००७. मंदबुद्धी मुलांच्या शाळेत टाकली होती, चांगली धडधाकट मुलं. प्रत्येक मुलाबाबत सरकारचा हेतू वाईट होता हे सिद्ध करा असं म्हटलं असतं तर ती हरली असती, आधीच्या खंडपीठासमोर हरलीही होती. पण आकडे ठेवले गेले, की ऑस्ट्रावात रोमा मूल अशा शाळेत जाण्याची शक्यता बाकीच्या मुलांच्या २७ पट. मोठ्या खंडपीठाने आकडे मान्य केले आणि सांगितलं की आता भेदभाव नव्हता हे सरकारने दाखवावं. सरकारला दाखवता आलं नाही. मुलांना मिळाले प्रत्येकी ४ हजार युरो, तोवर मुलं मोठी झाली होती, गेलेली शाळा परत येत नाही, पण तत्त्व मिळालं.

मास्तर, आपल्याकडेही ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तुरुंगातल्या जातीवरून कामवाटपाचे नियम रद्द करताना कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं, आणि विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार धरण्यावर स्पष्ट बोट ठेवलं. रजिस्टर हाच मुद्दा, तिथेही.

उलटं उदाहरणही सांगते, कारण खोटी आशा नको. कोसोवोत १९९९ च्या युद्धानंतर मित्रोवित्सा शहराच्या रोमा वस्तीतून पळालेल्या शेकडो लोकांना संयुक्त राष्ट्रांनीच शिशाने विषारी झालेल्या जमिनीवरच्या छावण्यांत ठेवलं, वर्षानुवर्षं. मुलांच्या रक्तात शिसं. त्यांच्याच सल्लागार समितीने २०१६ मध्ये सांगितलं की भरपाई द्या, माफी मागा. २०१७ ला खेद व्यक्त झाला आणि ऐच्छिक देणग्यांचा निधी काढला, माणसागणिक भरपाई नाही. जगाला न्याय शिकवणाऱ्या संस्थेची ही गत, तिथे मला फार चीड येते.

मोराव्हियाकर, बीबींचं: चेक कोर्टांनी काही प्रकरणांत सांगितलंय की फाईल नाही एवढ्यावर अर्ज फेटाळता येणार नाही, बाकीचा पुरावा बघा. साक्षी, नंतरचे डॉक्टरी कागद, तेव्हाचे सोशल वर्करचे कागद. अर्जाची मूळ तीन वर्षांची मुदत संपल्यावर ती वाढवली आहे. तिथल्या वकिलाला दाखवाच, मी भारतातून जास्त सांगणं बरोबर नाही.

डॉ_माधुरी | सोमवार, दुपारी ३.००

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, तीस वर्षं झाली. पुरावा म्हणून बाईची आता तपासणी करा असं कुणी सुचवेल, म्हणून लिहितेय.

नळ्या बांधल्यात का हे बाहेरून दिसत नाही. पोटावरचा व्रण सिझेरियनचाच असतो, त्याच वाटेने आत केलेलं असतं. साध्या सोनोग्राफीत खात्रीने कळत नाही. कळायचं तर डाय घालून एक्स-रे किंवा दुर्बिणीने बघणं, साठीतल्या बाईला नुसत्या अर्जासाठी हे करायला लावणं म्हणजे तिच्या शरीरावर दुसऱ्यांदा तेच करण्यासारखं आहे. जुनं काही असेल, मूल राहत नाही म्हणून तेव्हा कुठे दाखवलं असेल, पुढे कधी पोटाचं ऑपरेशन झालं असेल, तर त्या कागदात एखादी ओळ असते. ती शोधा.

कळा चालू असताना घेतलेली सही ही संमती नाही. हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला पहिल्या आठवड्यात सांगते. १९७६ च्या नसबंदीच्या गोष्टी आमच्या सरांकडून ऐकल्यात, महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीचं विधेयकच मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून राहिलं. तेव्हा हे दूरचं कुणाचं आहे असं मला अजिबात वाटत नाही.

प्रश्नचिन्ह | सोमवार, रात्री १०.४५

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. बायकोलाही वाचून दाखवले. तिला विचारलं, तू बघितलं होतंस का गं घेताना. म्हणाली नाही, गर्दी होती, कळलंच नाही. सात वर्षं मी ही गोष्ट सांगताना 'जिप्सींनी' म्हणतोय.

मास्तर, त्या मुलीचा दाखला अजून निघू शकतो का? वकीलबाईंना विचारून बघा. माझ्या ओळखीत पुण्यात नर्सिंग कॉलेजमध्ये एक जण आहेत. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सोलापुरी_मास्तर | मंगळवार, सकाळी ६.५०

केला आहे व्यनि. तिचा नंबर शोधतो, तिच्या भावाकडे असेल.

मोराव्हियाकर | गुरुवार, रात्री ११.३०

सगळ्यांचे आभार, खास करून वकीलबाई आणि डॉक्टर ताई. तुमचे दोन्ही प्रतिसाद मी मोडक्यातोडक्या चेकमध्ये करून बीबींना वाचून दाखवले. डॉक्टरांचं सहीचं वाक्य ऐकल्यावर त्यांनी ते परत वाचायला सांगितलं, मग कागदावर लिहून दे म्हणाल्या.

मग पिशवी परत उलटीसुलटी केली. तळाशी १९९८ चं एका दुसऱ्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड निघालं, पित्ताशयाच्या ऑपरेशनचं. त्यात जुना इतिहास म्हणून चार ओळी आहेत, लॅटिन आणि चेक मिसळून, मला सगळ्या लागल्या नाहीत, पण तिसऱ्या ओळीत वर्ष आहे, सिझेरियन आहे आणि पुढे जो शब्द आहे तो मी तीनदा ताडून बघितला. इतकी वर्षं तो कागद त्यांच्याजवळच होता. त्यांना वाटायचं तो पित्ताचा आहे.

धाकटी बहीण ऑस्ट्रावाला असते, ती साक्ष द्यायला तयार आहे, तेव्हा दवाखान्यातून आणायला तीच गेली होती.

सोमवारी सकाळी वकिलाची वेळ मिळाली आहे. बीबी म्हणाल्या तू चल, कागद तुझ्याकडेच ठेव, माझ्याकडून हरवतील. मी तीन ठिकाणी स्कॅन करून ठेवलाय. मूळ कार्ड मात्र त्यांच्याच हातात दिलं.